विरारची गाडी, बर्फाची लादी आणि एक समीकरण : तापमान काळाला कसे पळवते

१/
वसई-विरारचा इतिहास म्हटला की १७३९ सालची चिमाजीआप्पांची मोहीम, वसईचा कोट, अर्नाळ्याचा जलदुर्ग आणि सोपाऱ्याचे प्राचीन बंदर आठवते. याच किनाऱ्यावर आणखी एक लढाई शतकानुशतके रोज लढली गेली : जाळ्यातून निघालेली मासळी आणि बागेत उतरवलेले केळे नासण्यापूर्वी खाणाऱ्याच्या घरी पोहोचवण्याची. या लढाईतील प्रतिस्पर्धी होती उष्णता. तिच्या बळाचे गणित १८८९ साली एका स्वीडिश शास्त्रज्ञाने मांडले. त्या गणिताचा आणि या किनाऱ्याचा हा एकत्र इतिहास.

२/
प्रथम भूगोल. विरारच्या पश्चिमेस आगाशी, त्यापुढे अर्नाळा आणि मग समुद्र. किनाऱ्यावर कोळीवाडे, आत वाडवळ, सामवेदी आणि कुपारी समाजांच्या बागायती वाड्या. इथून निघणारा माल म्हणजे ताजी मासळी, केळी, विड्याची पाने, फुले, भाजी आणि दूध. यांतील एकही वस्तू धान्यासारखी कोठारात ठेवता येत नाही. सर्वांत मोठी बाजारपेठ मुंबई. ती दक्षिणेस सुमारे ६० किलोमीटर, आणि मध्ये वसईची खाडी. लोहमार्गापूर्वी हे अंतर होडीने, बैलगाडीने वा पायी कापावे लागे. वारा पडला, भरती चुकली, की घटका वाया जात. माल मात्र थांबत नसे.

३/
बोंबील हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेल्या डोल जाळ्यात सापडणारा हा मासा इतका पाणीदार की हातात धरला तरी लिबलिबतो. मासा मेल्यानंतर त्याच्याच शरीरातील विकरे मांस विरघळवू लागतात आणि जीवाणू त्यात भर घालतात. पौषातल्या पहाटे जो बोंबील बराच वेळ टिकतो, तोच वैशाखातल्या दुपारी पाहता पाहता हातचा जातो. मासा तोच, जीवाणू तेच. बदलते फक्त तापमान. हे प्रत्येक कोळिणीला ठाऊक होते. तिचा भाव ठरवताना सूर्य किती वर आला आहे, हेही मोजले जात असे.

४/
बर्फ नव्हता तेव्हाचे उत्तर होते सुकवणे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूंवर ताणलेल्या दोरीवर टांगायची. यातील पेच लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या उन्हाने पाणी उडते, त्याच उन्हाने नासण्याची क्रियाही वेग घेते. म्हणजे एकाच आचेवर दोन शर्यती सुरू होतात. सुकण्याची शर्यत आधी जिंकावी लागते, म्हणून मासा जमिनीवर न पसरता वाऱ्यावर टांगायचा आणि पावसाळ्यानंतरच्या कोरड्या हवेची वाट पाहायची. पाणी संपले की जीवाणू हतबल होतात. मिठागरांतले मीठ हेच काम दुसऱ्या मार्गाने करते : ते माशातले पाणी ओढून घेते.

५/
येथे एका लोकप्रिय दंतकथेचा निकाल लावायला हवा. सुक्या बोंबलाला इंग्रज ‘बॉम्बे डक’ म्हणत. त्याचा वास टपालगाडीला, म्हणजे ‘बॉम्बे डाक’ला येई, म्हणून हे नाव पडले, असे आजही सांगितले जाते. परंतु हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या इंग्रजी लेखनात आढळते, आणि भारतात पहिली प्रवासी आगगाडी धावली ती १८५३ साली. नाव गाडीपेक्षा जुने आहे. गोष्ट गोड असली तरी कालगणनेत बसत नाही.

६/
बागायतदारांचा मार्ग वेगळा होता. आगाशी-वसईची सुकेळी प्रसिद्ध आहेत. राजेळी जातीची केळी पूर्ण पिकवायची, सोलायची, काही दिवस उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानांत बांधायची. कच्च्या केळ्यात वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतके पिष्ट असते. पिकताना त्यातले जवळजवळ सगळे साखरेत बदलते. वाळवल्यावर पाणी जाते आणि साखर उरते. उन्हात या साखरेची आणि प्रथिनांची हळूहळू अभिक्रिया होऊन सुकेळ्यांना तो तपकिरी-सोनेरी रंग आणि खमंग वास येतो. झाडावरून उतरल्यावर काही दिवसांत काळे पडणारे फळ अशा रीतीने महिनोन्‌महिने टिकते.

७/
कच्ची केळी लवकर पिकवायची तर अढी घालायची. गवताच्या उबेत, बंद जागेत फळे रचली की दोन गोष्टी घडतात. फळांतून बाहेर पडणारा इथिलीन वायू तिथेच कोंडतो आणि पिकण्याची आज्ञा सर्व फळांना एकदम मिळते. त्याच वेळी फळांच्या श्वसनाची उष्णताही आतच राहते, आणि तापमान वाढल्याने पिकण्याचा वेग वाढतो. अढी किती जाड, किती दिवस, थंडीत किती आणि उन्हाळ्यात किती, याचे ठोकताळे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले. ठोकताळा ‘लवकर’ आणि ‘उशिरा’ सांगत होता. ‘किती पट’ हे सांगणारे कोणी नव्हते.

८/
‘किती पट’ याचे उत्तर शेवटी साखरेतूनच आले. उसाचा रस आंबट झाला की त्यातील साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करा होतात. मग गूळ नीट बसत नाही, साखरेचा दाणा धरत नाही. महाराष्ट्रातील गुऱ्हाळांत रसात चुना घालतात, त्यामागे मळी वेगळी करण्याबरोबरच हा आंबटपणा मारण्याचाही हेतू असतो. युरोपातील साखर-शुद्धीकरणाचीही हीच डोकेदुखी होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या एडवर्ड हॉवर्ड यांनी निर्वात कढई शोधली, ती याचसाठी : हवेचा दाब कमी केला की रस कमी तापमानाला उकळतो आणि साखर कमी बिघडते.

९/
१८५० साली जर्मन शास्त्रज्ञ लुडविग विल्हेल्मी यांनी साखर फुटण्याची ही क्रिया प्रथमच काटेकोर मोजली. उसाच्या साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाला उजवीकडे वळवते. फुटलेल्या साखरेचे द्रावण डावीकडे. त्यामुळे द्रावणातून प्रकाश पाठवून, एकही थेंब बाहेर न काढता, किती साखर उरली हे क्षणोक्षणी वाचता येते. विल्हेल्मींना आढळले की कोणत्याही क्षणी फुटण्याचा वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. रासायनिक क्रियेच्या वेगाला मिळालेले हे पहिले गणिती सूत्र. तापमानाचा परिणामही त्यांनी नोंदवला. परंतु त्यांच्या निबंधाकडे तीन दशकांहून अधिक काळ फारसे कोणी पाहिले नाही.

१०/
तो निबंध धूळ खात असताना विरारला मोठा बदल घडत होता. १८६४ साली मुंबईहून उत्तरेकडे जाणारा बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग वसईची खाडी ओलांडून गुजरातेशी जोडला गेला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते मुंबईतील बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. सकाळी एक गाडी जाणारी, संध्याकाळी एक परतणारी. आजच्या विरार लोकलची ही आद्य पूर्वज. पुढे १९२८ साली बोरिवलीपर्यंत आणि १९३६ साली विरारपर्यंत मार्गाचे विद्युतीकरण झाले.

११/
या गाडीकडे सहसा नोकरदारांच्या प्रवासाच्या नजरेने पाहिले जाते. नाशवंत मालाच्या दृष्टीने तिचा अर्थ आणखी खोल होता. सुकवणे हा नासण्याचा वेग थोपवण्याचा उपाय. गाडी हा वेळ कापण्याचा उपाय. नासण्याचा वेग तोच राहिला तरी प्रवास काही तासांनी घटला, तर माल ताजा पोहोचतो. भाजी, फुले, पान, दूध आणि मासळीच्या टोपल्या विरार-वसईहून मुंबईच्या बाजारांत जाऊ लागल्या आणि इथल्या वाड्यांचे अर्थकारण मुंबईशी कायमचे बांधले गेले. सकाळच्या गाडीचा आणखी एक लाभ होता : दिवसातला सर्वांत थंड प्रहर मालाच्या वाट्याला येई.

१२/
तिकडे युरोपात १८८४ साली डच रसायनशास्त्रज्ञ याकोबस व्हान्ट हॉफ यांचा रासायनिक गतिशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. रासायनिक समतोल तापमानाने कसा सरकतो, याचे गणित त्यांनी मांडले आणि वेगाचेही नाते तशाच रूपाचे असावे असे सुचवले. दहा अंश तापमान वाढले की अनेक क्रियांचा वेग दोन ते तीन पट होतो, हा ठोकताळाही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक व्हान्ट हॉफ यांना मिळाले. पण हे नाते असे का, याचे चित्र अजून स्पष्ट नव्हते.

१३/
ते चित्र स्वांते अऱ्हेनियस यांनी दिले. त्यांचा जन्म १८५९ सालचा, स्वीडनमधला. १८८४ साली उप्साला विद्यापीठात सादर केलेल्या त्यांच्या प्रबंधाला कमी श्रेणी मिळाली होती. त्याच विचारधारेसाठी १९०३ साली त्यांना नोबेल मिळाले. १८८९ साली त्यांनी आम्लाने उसाची साखर फुटण्याच्या वेगावर निबंध लिहिला आणि त्यात इतरांनी मोजलेल्या क्रियांची आकडेवारीही पारखली. विल्हेल्मींनी हाताळलेली तीच साखर, तीच क्रिया. प्रश्न मात्र नवा होता : थोड्याशा उष्णतेने एवढा मोठा फरक का पडतो?

१४/
कोडे खरोखर मोठे होते. तापमान निरपेक्ष शून्यापासून मोजायचे असते. त्या मापात बर्फ २७३ केल्व्हिनवर असतो आणि विरारची ३० अंश सेल्सिअसची दुपार ३०३ केल्व्हिनवर. म्हणजे बर्फावरच्या माशातून दुपारच्या माशाकडे येताना रेणूंची सरासरी ऊर्जा केवळ ११ टक्क्यांनी वाढते. नासण्याचा वेगही ११ टक्केच वाढला असता, तर बर्फाला फार किंमत आली नसती : बर्फावर दहा तास टिकणारा मासा उन्हात नऊ तास टिकला असता. प्रत्यक्षात फरक कित्येक पटींचा असतो. रेणू एकमेकांवर थोडे अधिक वेळा आदळतात, एवढ्याने याचा उलगडा होत नाही.

१५/
अऱ्हेनियस यांचे उत्तर असे : सगळे रेणू क्रियेसाठी सिद्ध नसतात. क्रिया घडण्यासाठी रेणूला एक ऊर्जेचा घाट चढून जावा लागतो. कोकणातून देशावर जाणारा मोठा तांडा कल्पावा. घाटाची उंची सर्वांना सारखीच, पण ती चढण्याइतके बळ फार थोड्यांत असते. पलीकडे किती पोहोचतील हे तांड्याच्या सरासरी बळावरून ठरत नाही. घाट चढू शकणारे किती आहेत, यावरून ठरते. सरासरी थोडी वाढली तरी या मूठभर बलवानांची संख्या अनेक पटींनी वाढते. या घाटाच्या उंचीला ‘सक्रियण ऊर्जा’ म्हणतात.

१६/
गणितात ते असे लिहिता येते :

वे = अ × ई^[−ऊ ÷ (वा × ता)]

यात ‘वे’ म्हणजे क्रियेचा वेगस्थिरांक, ‘अ’ म्हणजे टकरींची वारंवारता आणि दिशा सांगणारा गुणक, ‘ई’ ही सुमारे २.७१८ ही नैसर्गिक घातांकी संख्या, ‘ऊ’ ही सक्रियण ऊर्जा, ‘वा’ हा वायूंचा स्थिरांक (८.३१४ जूल प्रति मोल प्रति केल्व्हिन) आणि ‘ता’ हे केल्व्हिनमधील तापमान. सगळी जादू तापमानाच्या स्थानात आहे. ते घातांकात आहे, आणि तेही छेदस्थानी. म्हणून तापमानात बेरीज झाली की वेगात गुणाकार होतो.

१७/
आता आकडे घालून पाहावे. सक्रियण ऊर्जा ५० किलोजूल प्रति मोल धरली, तर ३० अंशांवर घातांकी पदाची किंमत साधारण ४२ कोटींत एक इतकी येते. म्हणजे सुमारे ४२ कोटी टकरींपैकी एक टक्कर घाटापलीकडे नेणारी असते. शून्य अंशावर हेच प्रमाण सुमारे ३७० कोटींत एक होते. दोन्हींचे गुणोत्तर जवळजवळ ९. म्हणजे सरासरी ऊर्जेत ११ टक्क्यांचा फरक, आणि वेगात नऊ पटींचा! उन्हात आठ तासांत होणारी क्रिया बर्फावर तीन दिवस घेते. कोळिणीला जे अनुभवाने कळत होते, त्याला येथे संख्या मिळाली.

१८/
‘दहा अंशांना दुप्पट’ हा ठोकताळाही याच समीकरणातून निघतो आणि त्याची मर्यादाही. ५० किलोजूलच्या घाटासाठी २५ वरून ३५ अंशांवर गेल्यास वेग १.९ पट होतो, ठोकताळा बरोबर. परंतु आम्लाने साखर फुटण्याची सक्रियण ऊर्जा सुमारे १०८ किलोजूल आहे. तिथे त्याच दहा अंशांत वेग चौपटीहून थोडा अधिक होतो. घाट जितका उंच, तितकी ती क्रिया तापमानाला अधिक हळवी. हॉवर्ड यांच्या कढईला एवढे यश का मिळाले, ते यावरून समजते : उकळण्याचे तापमान थोडे उतरवताच साखरेची नासाडी कित्येक पटींनी घटली.

१९/
बर्फाच्या लादीचा इतिहासही याच शतकातला. मे १८३३ मध्ये बॉस्टनहून फ्रेडरिक ट्यूडर यांचे ‘टस्कनी’ जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले. चार महिन्यांनी, दोनदा विषुववृत्त ओलांडून, ते कलकत्त्याला पोहोचले तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढच्या काही वर्षांत मुंबईतही अमेरिकेच्या तळ्यांतला हा बर्फ येऊ लागला आणि त्यासाठी बर्फघर उभे राहिले. पण हा बर्फ साहेबांच्या पेयांसाठी, श्रीमंतांच्या मेजवान्यांसाठी आणि रुग्णांसाठी. अर्नाळ्याच्या कोळ्याच्या टोपलीत तो पडण्याचा प्रश्नच नव्हता. मासा बर्फापेक्षा स्वस्त होता.

२०/
यंत्राने बर्फ तयार होऊ लागल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा सागरी व्यापार मावळला, आणि विसाव्या शतकात बर्फाचे कारखाने मासेमारी बंदरांपर्यंत पोहोचले. बर्फाचे बळ त्याच्या वितळण्यात असते. एक किलो बर्फ वितळताना एवढी उष्णता शोषतो की त्यात सुमारे अडीच किलो पाणी ३० अंशांवरून शून्यावर यावे. शिवाय वितळत असेपर्यंत तो शून्याच्या वर चढत नाही. बर्फ होडीत आला आणि होड्या अधिक दूर जाऊ लागल्या. पापलेट, सुरमई दूरच्या बाजारांत ताजी म्हणून विकता येऊ लागली. त्याचबरोबर बर्फ हा मासेमारीच्या खर्चातला एक कायमचा आकडा झाला. ज्याला बर्फ परवडत नव्हता त्याला मिळेल त्या भावात तत्काळ विकणे भाग होते. थंडी म्हणजे भावासाठी थांबण्याची मुभा; ती विकत घ्यावी लागे.

२१/
केळ्यावर मात्र हा उपाय चालत नाही. सुमारे १३ अंशांखाली ठेवलेल्या केळ्याच्या पेशींना इजा होते, साल काळवंडते आणि ते फळ नीट पिकतच नाही. म्हणून विरारच्या एकाच फलाटावरून निघालेली मासळी बर्फात जाते आणि केळी उघड्या टोपलीत. वरच्या बाजूलाही सीमा आहे : फार उष्णतेने विकरे मोडतात, आणि वेग वाढण्याऐवजी कोसळतो. उकळलेले दूध लवकर नासत नाही, ते याच कारणाने. जिवंत किंवा अर्धजिवंत पदार्थांत शेकडो क्रिया गुंतलेल्या असतात. अऱ्हेनियस यांचे समीकरण त्यांच्या मधल्या पट्ट्यातच विश्वासाने वापरता येते. आगाशीच्या बागायतदारांनी केळी थंड करण्याऐवजी सुकेळी केली. त्यांच्या फळाला तोच मार्ग मानवणारा होता.

२२/
या सीमांची जाणीव ठेवूनच अऱ्हेनियस पुढे जीवसृष्टीकडे वळले. १९०७ साली त्यांनी प्रतिकारशक्तीच्या रसायनावर आणि १९१५ साली जीवरसायनातील संख्यात्मक नियमांवर ग्रंथ लिहिला. रक्तातील प्रतिद्रव्ये, विषे, विकरे यांच्या क्रियाही वेग आणि तापमान या भाषेत मांडता येतात, हा त्यांचा आग्रह होता. हवेतील कर्बवायू वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचे १८९६ सालचे प्रसिद्ध गणितही त्यांचेच. लस आणि तापमान यांचा संबंध जोडणारी आजची सारी व्यवस्था या विचाराच्या वाटेवर उभी आहे.

२३/
त्या व्यवस्थेची कसोटी पाहायची तर याच पालघर जिल्ह्यात, किनारा सोडून पूर्वेकडे, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत जावे. लसही नाशवंत माल आहे. मासा नासला तर वास येतो. लस निकामी झाली तर ना वास, ना रंग. मूल लस घेऊन घरी जाते आणि असुरक्षित राहते. पोलिओची तोंडावाटे द्यायची लस उष्णतेला विशेष हळवी. शीतपेटी घेऊन पाड्यावर चालत गेलेल्या आरोग्यसेविकेला हातातली कुपी अजून कामाची आहे की नाही, हे कळणार कसे? वाटेत पेटी किती वेळ उघडी राहिली, ऊन किती होते, याचा हिशेब कोण ठेवणार?

२४/
१९९६ पासून पोलिओच्या कुपीवर एक छोटा ठिपका येऊ लागला : एक वर्तुळ आणि आत फिकट चौकोन. चौकोनातील रसायन उष्णतेने हळूहळू गडद होते. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची. थंडीत तो संथ काळवंडतो, उन्हात झरझर. म्हणजे तो कागदाचा तुकडा वाटेतल्या प्रत्येक तासाचा आणि प्रत्येक अंशाचा जमाखर्च स्वतः ठेवतो. सर्वांत हळव्या लसींसाठीच्या ठिपक्याचे प्रमाण असे आहे : ३७ अंशांवर २ दिवसांत पूर्ण गडद, ५ अंशांवर २२५ दिवसांत. फरक ३२ अंशांचा, आणि काळ शंभर पटींहून अधिक.

२५/
या दोन आकड्यांवरून अऱ्हेनियस यांच्या समीकरणाने सक्रियण ऊर्जा काढली तर ती सुमारे १०६ किलोजूल प्रति मोल येते. १८८९ च्या निबंधातील साखरेचा घाट सुमारे १०८ किलोजूलचा. दोन्ही रसायने पूर्णपणे वेगळी आहेत, आणि आकड्यांची ही जवळीक योगायोगाची. पण त्यामुळे एक गोष्ट चटकन समजते : हा ठिपका तापमानाला जवळजवळ तितकाच हळवा आहे, जितकी आम्लातली उसाची साखर. ज्या मोजमापासाठी विल्हेल्मींना प्रयोगशाळा, ध्रुवित प्रकाश आणि तासन्‌तासांची नोंद लागली, ते मोजमाप आता कुपीच्या लेबलावर मावते आणि वाचण्यासाठी फक्त डोळे लागतात.

२६/
भारतातील पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. या यशाचे श्रेय लाखो हातांचे आहे. त्यांतील अनेक हातांना तो ठिपका दाखवून ‘ही कुपी चालेल’ किंवा ‘ही टाका’ असे ठरवता आले. निर्णय घेणारीला समीकरण ठाऊक असण्याची गरज नव्हती. अर्नाळ्याच्या कोळिणीलाही ते ठाऊक नव्हते. फरक एवढाच की कोळिणीला चुकीची किंमत एका टोपलीने मोजावी लागे, आणि इथे ती एका मुलाच्या पायांनी मोजावी लागली असती.

२७/
थोडक्यात हा पट असा : सुकवण आणि मीठ यांनी नासण्याचे साधन, म्हणजे पाणी, काढून घेतले. १८६७ च्या गाडीने वेळ कापला. बर्फाने वेग उतरवला. १८८९ च्या समीकरणाने हे सर्व उपाय एका मापात बसवले आणि दाखवले की उष्ण प्रदेशात प्रत्येक अंशाला किंमत असते. विरारहून मुंबईला जाणाऱ्या पहाटेच्या गाड्यांत आजही मासळीच्या आणि भाजीच्या टोपल्या चढतात. त्या पहाटेच का चढतात, याचे एक कारण बाजाराच्या वेळेत आहे, आणि दुसरे त्या घातांकात.